परात

गणपती पेठेत, जिन्याखाली, साडेचार फुटांचं दुकान.
वर पाटी, 'भूपाल मगदूम, घड्याळे'.
आत बल्ब आहे, पण अप्पा लावायचे नाहीत.
बल्बाच्या उजेडात स्क्रूचा आटा खोटं बोलतो, म्हणायचे.

आमचा उजेड समोरून यायचा,
दस्तगीर शिकलगारांच्या भांड्यांवरून.
सकाळी दहाच्या पुढं ऊन त्यांच्या दारात उतरायचं,
टांगलेल्या ताटांना लागायचं,
आणि दोन रिक्षा, एक केळ्यांची गाडी चुकवत
रस्ता ओलांडून आमच्या काउंटरवर येऊन बसायचं.

काट्यांची घड्याळं कमी येतात. आकड्यांची जास्त,
राखाडी चेहऱ्याची,
ट्रकवाल्यांची, कारखान्यात वजनकाट्यावर बसणाऱ्यांची.
अकरावीच्या सुट्टीत अप्पांनी माझ्या हातात चिमटा दिला.
काचेवरची फिल्म सोलली मी
आणि आकडे गेले.
पाटी पुसावी तसे.

"अप्पा, बंद पडलं."
"चालतंय की. तुला दिसत नाही, एवढंच."

नवी फिल्म बसवली ती आडवी बसली.
अख्खा चेहरा काळा, आकडे पांढरे.
अप्पा क्वचित हसत, तेव्हा हसले.
"पद्मल, रात्र लावलीस की गं."

मग घड्याळ उलटं करून
मागचा चंदेरी कागद दाखवला.
"ह्याच्यात दिवा नाही बघ.
आलेला उजेड हा आल्या पावली परत करतो."
"म्हणजे उसना उजेड?"
"उसनं कसलं? सगळा तिथल्या तिथं फेडतो.
थोडासा तेवढा ठेवून घेतो,
आणि ठेवलेलाच आपल्याला वाचता येतो."

माझ्या मोबाइलचं उलट.
आयर्विन पुलावर दुपारी कुणाचा फोन आला
तर ओंजळ धरावी लागते त्याच्यावर,
नाहीतर त्यात मीच दिसते,
घामेजलेली, मागं एक विजेची तार.
अप्पांच्या मनगटावरचं मात्र उन्हात धीट व्हायचं.
ऊन जितकं कडक, आकडा तितका काळा.

धनत्रयोदशीला आमची पंचाईत.
शिकलगारांचा माल खपायचा,
हुकावरून एकेक ताट उतरायचं
आणि आमच्याकडं भर दिवसा अंधारून यायचं.
त्या दिवशी अप्पा बारीक काम घेत नसत.
बेल्ट बदलायचे, सेल घालून द्यायचे.

एक परात तेवढी राहायची.
वरच्या दांडीला, डावीकडं, जराशी कलती.
तिच्यावरून भाकरीएवढा उजेड
नेमका अप्पांच्या चिमट्याखाली पडायचा.
मला वाटायचं, खपत नाही बिचारी.
पोचा असेल कुठंतरी.

अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली.
खुर्ची तीच आहे, मी बुटकी.
भाकरी आता माझ्या हातापासून वीतभर लांब पडते
आणि मी मान वाकडी करून काम करते.

परवा तासगावची लग्नाची माणसं आली समोर.
"ती वरची परात द्या."
"ती नाही," चाचा म्हणाले.
"का? पोचा आहे?"
"पोचा नाही. ती नाही."
दुसरी दिली. चाळीस रुपये कमी घेतले
आणि वर एक चमचा.

माणसं गेल्यावर चाचा स्टुलावर चढले.
त्या वयात, एका हातानं दांडी धरून.
चिंचेच्या चोथ्यानं परात घासली, फडक्यानं पुसली,
मग खाली न उतरता
माझ्याकडं न बघता
अंगठ्यानं तिची कड हळूच रेटली,
केसभर,
आणखी केसभर.

काउंटरवर भाकरी हलली.
सेलच्या पाकिटांवरून, तेलाच्या कुपीवरून सरकत
माझ्या बोटांवर येऊन थांबली.

मी वर बघितलं नाही.
हातातल्या घड्याळात दहा एकेचाळीस झाले होते,
ठळक.